कोरोना आधी कोंबडीचा होता

मार्च २०२० ची गोष्ट. लॉकडाऊन हा शब्द तेव्हा कंग्राळीत कुणाच्या तोंडी बसलेला नव्हता. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर बसलो होतो. एकाने मोबाईल पुढे केला. फरशी पुसायच्या जंतुनाशकाच्या बाटलीचा फोटो होता. मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत ही बाटली कोणकोणते जंतू मारते त्याची यादी, आणि त्या यादीत चक्क 'ह्यूमन कोरोनाव्हायरस'. बाटली चीनमधल्या साथीच्या आधी भरलेली. "बघा सर, यांना आधीच ठाऊक होतं. सगळं ठरवून चाललंय." दुसऱ्याने एका जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो दाखवला. त्यातही सर्दीच्या पाठात कोरोनाव्हायरसचं नाव छापलेलं.

मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. तरी त्या संध्याकाळी मला धड उत्तर देता आलं नाही, हे कबूल करतो. "असेल काहीतरी," म्हणून उठलो. आठ दिवसांत त्याच मोबाईलवर तिसरी बातमी आली, कोंबडी खाल्ली की कोरोना होतो. ही मात्र नुसती बातमी राहिली नाही. चिकनचा भाव इतका पडला की पक्ष्याला घातलेल्या खाद्याचे पैसेही निघेनात. आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, एका शेतकऱ्याने सुमारे सहा हजार जिवंत कोंबड्या खड्डा काढून पुरल्या. तो व्हिडिओ देशभर फिरला. आमच्या गावाबाहेर ज्याची शेड आहे, तो माझा जुना विद्यार्थी. त्याने पक्षी पुरले नाहीत, वाटले. रात्री दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, चार घेऊन जावा, पैसे नकोत." बायको नको म्हणाली, आणि मीही नको म्हटलं. विज्ञानाच्या मास्तरानेच नको म्हटल्यावर गल्लीतल्या दुसऱ्या कुणी का घ्यावी?

नंतर घरात कोंडून बसलो तेव्हा वाचायला वेळ मिळाला. वाचता वाचता उलगडलं की बाटली खरी होती, पुस्तकाचं पानही खरं होतं, आणि कोंबडीचा कोरोनाशी संबंध होता हेसुद्धा खरं होतं. खोटा होता तो या तिन्हींवरून आम्ही काढलेला अर्थ. कोरोना हे एका विषाणूचं नाव नाही, ते घराण्याचं नाव आहे. घराणं आपल्या माहितीत येऊन नव्वद वर्षं होत आली होती. २०१९ साली आला तो त्या घराण्यातला एक नवा सदस्य. हे एवढं त्या संध्याकाळी माहीत असतं, तर मी त्या चार कोंबड्या घेतल्या असत्या.

या घराण्याची पहिली नोंद माणसाच्या दवाखान्यातली नाही, कोंबडीच्या खुराड्यातली आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात पिल्लं पटापट मरू लागली. चोच उघडी टाकून धापा टाकायची, घशात घरघर व्हायची आणि मान टाकायची. १९३१ साली शाल्क आणि हॉन या दोन पशुवैद्यांनी हा पिल्लांच्या श्वासाचा नवाच रोग म्हणून नोंदवला. १९३७ साली बोडेट आणि हडसन यांनी त्याचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात, आत वाढत असलेल्या गर्भात, वाढवून दाखवला. हे मोठंच पाऊल होतं. विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढत नाही, आणि अंडं म्हणजे पेशींनी भरलेली, कवचात बंद, स्वस्तातली प्रयोगशाळा. शिवाय एका अंड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा विषाणू फिरवत नेला की तो अंड्याला सरावतो आणि कोंबडीपुढे मवाळ होत जातो. पुढे याच रीतीने हॉलंडमधल्या एका वाणापासून लस तयार झाली. तिचं नाव एच-१२०, कारण तो वाण १२० वेळा अंड्यांतून फिरवलेला. आपल्याकडे पोल्ट्रीवाले या रोगाला नुसतं 'आयबी' म्हणतात. मानमोडी म्हणजे राणीखेत, गंबोरो आणि आयबी ही नावं त्यांच्या रोजच्या बोलण्यातली. आयबी म्हणजे कोंबडीचा कोरोना. तो कोंबडीत राहतो, माणसाला होत नाही. म्हणजे मार्च २०२० मध्ये आमच्या त्या विद्यार्थ्याच्या शेडमधल्या पक्ष्यांना एका कोरोनाची लस टोचून, म्हणजे पाजून, झालेली होती. माणसाला आपली लस मिळायला अजून दहा महिने होते.

पुढल्या काळात डुकरांच्या पिल्लांच्या हगवणीचा आणि उंदरांच्या यकृतदाहाचा असे आणखी दोन विषाणू सापडले. हे सगळे एकमेकांचे भाऊबंद आहेत, याची कुणालाच कल्पना नव्हती. ते कळलं सर्दीमुळे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने इंग्लंडमधल्या सॉल्झबरीजवळ साथरोगांसाठी बराकीसारखं एक हॉस्पिटल बांधलं होतं. युद्धानंतर, १९४६ साली, तिथे 'कॉमन कोल्ड युनिट' सुरू झालं. काम एकच, सर्दी कशाने होते ते शोधायचं. सर्दी जनावरांना देता येत नव्हती, म्हणून माणसंच लागत. वर्तमानपत्रात जाहिरात यायची की दहा दिवस फुकट राहा, खा-प्या, वर थोडा हातखर्च घ्या. विद्यार्थी यायचे, नवी लग्न झालेली जोडपी यायची. त्यांना दोघा-दोघांच्या खोल्यांत ठेवायचे आणि नाकात थेंब टाकायचे. कुणाच्या थेंबात सर्दी झालेल्याच्या नाकाचं धुवण असे, कुणाच्या नुसतं पाणी. इतरांपासून तीस फूट लांब राहायचं, असा नियम. सर्दी किती झाली हे मोजायला वापरलेले कागदी रुमाल मोजत. क्वारंटाईन म्हणजे शिक्षा असं आपल्याला २०२० साली वाटलं, तिकडे लोक त्यालाच सुट्टी समजून दुसऱ्यांदाही येत. १९९० साली हे केंद्र बंद झालं, तोवर हजारो माणसं तिथे शिंकून गेली.

१९६० च्या सुमारास तिथल्या डेव्हिड टिरेल यांच्या हाती एका बोर्डिंग शाळेतल्या मुलाच्या नाकाचं धुवण आलं. नमुन्याचा नंबर बी-८१४. ते थेंब दिले की माणसाला सर्दी हटकून होई, पण प्रयोगशाळेत तेव्हा वापरात असलेल्या कुठल्याही पेशींत तो जंतू वाढेना. सर्दी दिसत होती, करणारा दिसत नव्हता. शेवटी स्वीडनमधले बर्टिल हूर्न मदतीला आले. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचे तुकडे बशीत जिवंत ठेवायची कला त्यांना अवगत होती. त्या तुकड्यांवर बी-८१४ वाढला. १९६५ साली टिरेल आणि बायनो यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांनी आणखी एक तपासणी केली होती. ईथर घातल्यावर हा जंतू निकामी होत होता. ईथर चरबी विरघळवतो. म्हणजे या विषाणूभोवती चरबीचं वेष्टन आहे, आणि ते फाटलं की तो मेला. २०२० मध्ये वीस सेकंद साबणाने हात धुवा म्हणून टीव्हीवर ओरडून सांगत होते, त्याचं कारण हेच. साबणही चरबीचं ते वेष्टन फोडतो. कारण कुणी सांगितलं असतं, तर आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी हात धुण्यावरून इतका वाद घातला नसता, असं मला वाटतं.

त्याच सुमारास शिकागोमध्ये डोरोथी हॅमर आणि जॉन प्रॉकनाऊ वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या सर्दीचे नमुने तपासत होते. त्यांना १९६२ च्या एका नमुन्यात तसाच एक विषाणू मिळाला. तो पेशींत सहज वाढत होता. त्याला नंबर पडला २२९ई, आणि १९६६ साली तो छापून आला. हा नंबर लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रयोगशाळेत वाढवायला सोपा, माणसाला नुसती सर्दी देणारा, म्हणून जंतुनाशकं तपासायला पुढे तोच वापरू लागले. बाटलीवरचा 'ह्यूमन कोरोनाव्हायरस' म्हणजे हा असा सर्दीवाला. कटबिट काही नव्हता, बाटलीवाल्यांनी खरं तेच छापलं होतं.

आता ज्या बाईंबद्दल मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे, त्यांच्याकडे येतो. जून हार्ट १९३० साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जन्मल्या. वडील बसड्रायव्हर. अभ्यासात हुशार, पण कॉलेजला पैसे नव्हते, म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सोडून ग्लासगोच्या मोठ्या दवाखान्यात प्रयोगशाळेतली मदतनीस म्हणून लागल्या. रोगट मांसाचे पातळ काप काचेवर लावायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हे काम. पुढे लंडन, मग व्हेनेझुएलाच्या एका चित्रकाराशी लग्न, आडनाव अल्मेडा झालं, मग कॅनडा. तिथे टोरांटोच्या कर्करोग संस्थेत त्यांच्या हाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. पदवी नसलेल्या या बाईंनी त्यावर असा हात बसवला की १९६४ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या कॉलेजने त्यांना बोलावून घेतलं.

त्यांची रीत साधी सांगतो. पोरं हाताचा पंजा भिंतीवर ठेवून भोवती रंग फुंकतात आणि हात काढला की पंजाचा कोरा छाप उठतो, तसंच हे. विषाणूभोवती जड धातूचा क्षार पसरायचा. क्षार काळा दिसतो, विषाणू मधे उजळ उठतो. त्यात त्या विषाणूला चिकटणारी प्रतिपिंडं घातली की विषाणू गोळा होऊन घोळक्याने दिसतात. टिरेल यांनी त्यांच्याकडे काही ओळखीचे विषाणू पाठवले आणि सोबत बी-८१४ पाठवला. ओळखीचे तर त्यांनी ओळखलेच. बी-८१४ बद्दल त्या म्हणाल्या, हे मी पूर्वी पाहिलेलं आहे. कोंबडीच्या आयबीच्या नमुन्यात आणि उंदराच्या यकृताच्या नमुन्यात असेच गोल कण, भोवती झालर, त्यांना आधीच दिसले होते. तेव्हा त्यांनी तो लेख पाठवला होता, पण परीक्षकांनी परत केला. हे इन्फ्लुएंझाच्या विषाणूचेच वाईट निघालेले फोटो आहेत, असा शेरा होता. ग्लासगोच्या मदतनीस मुलीला बरोबर दिसलं होतं, आणि फोटो वाईट म्हणणारे चुकले होते. १९६७ साली अल्मेडा आणि टिरेल यांचा लेख फोटोंसह छापून आला. कोंबडीचा आयबी, सर्दीचा बी-८१४ आणि शिकागोचा २२९ई तिघेही दिसायला एकाच घरातले ठरले.

नाव ठेवायची वेळ आली. १६ नोव्हेंबर १९६८ च्या 'नेचर' साप्ताहिकात आठ शास्त्रज्ञांची एक छोटी नोंद आली. त्यात माणसाच्या सर्दीवर काम करणारे होते आणि कोंबडीच्या रोगांवर आयुष्य घालवलेलेही होते. या कणांभोवतीची झालर खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभेची आठवण करून देते, म्हणून या गटाला कोरोनाव्हायरस म्हणावं, असं त्यांनी सुचवलं. कोरोना म्हणजे मुकुट, असं आपण चार वर्षं ऐकलं. लॅटिनमध्ये अर्थ तोच आहे, पण नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सूर्याची प्रभा होती. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे, प्रभावळ. गणपतीच्या मूर्तीमागे आपण लावतो तीच. त्या झालरीतला एकेक काटा पेशीला पकडायच्या कामाचा असतो, आणि पुढे बऱ्याच लसी त्या काट्यावरच बेतल्या गेल्या.

नंतरची तीस-पस्तीस वर्षं फारसं काही घडलं नाही. सर्दी करणारा विषाणू म्हणून डॉक्टरांनी त्याला मोजण्यातच धरलं नाही. पशुवैद्य मात्र काम करत राहिले, कारण कोंबड्या आणि डुकरं मेली की पैसे जातात. आणि २००२ च्या शेवटी दक्षिण चीनमध्ये सार्स आला. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँग, अमेरिका आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी कारण शोधलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात झालर दिसली, आणि ती ओळखता आली, कारण पस्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिचं नाव ठेवून गेलं होतं. ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू नोंदले गेले, आणि ती साथ विझली.

सार्स आपल्यापर्यंतही येऊन गेला, हे बऱ्याच जणांना आठवत नाही. एप्रिल २००३ मध्ये भारतातला पहिला रुग्ण म्हणून बातमी झळकली ती गोव्यातली, आणि पाठोपाठ पुण्यातली. बेळगावातल्या निम्म्या घरांचे पाहुणे तिकडे. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंतिम यादीत भारताच्या नावावर तीन रुग्ण आणि शून्य मृत्यू आहेत. आम्ही ते पेपरात वाचलं, रद्दीला घातलं आणि विसरलो. २०१२ साली सौदीकडे मर्स आला, तो उंटांकडून. तोही आपल्याला लागला नाही, म्हणून कळलाच नाही.

पुण्याच्या या संस्थेची आणि आपल्या भागाची ओळख जुनी आहे. १९५२ साली ती सुरू झाली, आणि पाचच वर्षांत, १९५७ साली, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली तेव्हा त्या रोगाचा विषाणू तिनेच शोधला. त्यालाच आपण माकडताप म्हणतो. ३० जानेवारी २०२० ला केरळात देशातला पहिला कोविड रुग्ण सापडला. त्याची तपासणी पुण्यालाच झाली, आणि त्या घशातल्या नमुन्यातच संस्थेच्या लोकांना सूक्ष्मदर्शकात एक कण दिसला, सुमारे ७५ नॅनोमीटरचा. भोवती तीच प्रभावळ आणि फोटो काढायची रीतही तीच, अल्मेडाबाईंची. थोड्याच दिवसांत विषाणू जिवंत वाढवण्यातही त्यांना यश आलं. त्यांच्या एका वाणावरून, एनआयव्ही-२०२०-७७० हे त्याचं नाव, कोव्हॅक्सिन झाली. वाण पेशींत भरपूर वाढवायचा आणि रसायनाने मारायचा. मेलेला विषाणू शरीराला दाखवून ओळख करून द्यायची, अशी ही जुन्या घाटणीची लस.

आणि इथे बेळगाव आलं. जुलै २०२० मध्ये त्या लसीच्या पहिल्या चाचण्यांसाठी देशभरातून निवडलेल्या बारा संस्थांत बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल होतं, आणि गोव्यातलं पेडण्याचं रेडकर हॉस्पिटलही होतं. पहिल्या टप्प्यात देशभरात ३७५ जणांनी स्वतःहून दंड पुढे केला. सॉल्झबरीला नाकात थेंब घालून घेणाऱ्यांना बक्षीस सर्दीचं होतं. इथे काय होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या साली २२ ऑगस्टला गणपती बसले, ना मिरवणूक ना आरास, आणि त्याच दिवसांत आपल्याच शहरातली काही माणसं ही लस टोचून घेऊन घरी बसली होती. मला हे पुढे दोन वर्षांनी कळलं.

लसीचं नवल बेळगावला नसावं खरं तर. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो आज आपल्याला झाडी आणि सकाळचं फिरणं म्हणून माहीत आहे, पण त्याचं नाव सांगतं ते काम तिथे खरोखर चाले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबई इलाख्यासाठी देवीची लस तिथे तयार होई. वासरांच्या कातडीवर ती वाढवत आणि खरवडून काढत. लस या शब्दाचा मूळ अर्थच फोडातून येणारा चिकट द्रव असा आहे. आमची एक आत्या २०२१ मध्ये पहिला डोस घेऊन आली आणि शेजारणीला म्हणाली, "देवी काढून आले गं." लसीला तिच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

त्या वर्षांत आपलं खरं नुकसान कशाने झालं याचा हिशोब प्रत्येक घराने आपापला केलेला आहे. मी तो इथे मांडत नाही. कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा कागद नाही म्हणून परत फिरलेली, शिनोळीहून मागे पाठवलेली, पलीकडच्या गावात आई गेली आणि तोंडही बघता आलं नाही अशी माणसं कंग्राळीत आहेत. त्यांना इतिहास सांगून काही परत मिळणार नाही.

विद्यार्थ्याने २०२१ च्या दिवाळीनंतर शेड परत चालू केली. यंदा पावसाळ्यात तिकडे गेलो होतो. नवी पिल्लं आली होती, भुशावर पिवळी पसरलेली. थर्मासच्या डब्यातल्या बर्फातून त्याने एक बोटाएवढी कुपी काढली आणि लेबल माझ्यापुढे धरलं. "सर, हाच ना तो जुना कोरोना?"

"हाच," म्हटलं.

त्याने एक पिल्लू मुठीत धरलं, डोळ्यात एक थेंब सोडला, पापणी मिटेपर्यंत थांबला आणि पलीकडच्या टोपलीत सोडलं. मग दुसरं उचललं. दीड हजार होती. मी स्टूल ओढून बसलो. येताना दोन कोंबड्या विकत घेऊन आलो.